हात पोचेल इतकं अंतर

चेंबूरच्या बहुतेक घरांतून समुद्र दिसत नाही, दिसतात त्या माहुलच्या चिमण्या. पण तिथल्या रिफायनऱ्यांत शिजणारं कच्चं तेल येतं समुद्रावरूनच. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला टँकर लागतात आणि तिथून तेल पाण्याखालच्या वाहिन्यांतून माहुलला पोचतं. ट्रॉम्बेच्या बाजूला पीर पाऊच्या धक्क्यावरही द्रवरूप रसायनं आणणारी जहाजं उभी असतात. त्यांतल्या कुठल्याही टँकरकडे पाहिलं, तर नारंगी रंगाच्या, वरून बंद असलेल्या लाइफबोटी लगेच नजरेत भरतात.

त्या बोटी कप्तानाच्या हौसेखातर लावलेल्या नसतात. १९१२ साली टायटॅनिक बुडालं आणि त्यानंतर दोन वर्षांनी समुद्रावरच्या जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला 'सोलास' म्हणतात, आणि आज चालते ती त्याची १९७४ ची आवृत्ती. लाइफबोटी किती, जॅकेटं किती, जहाज सोडण्याची कवायत किती वेळा, हे सगळं त्यात ठरलेलं आहे. मालवाहू जहाजावरच्या प्रत्येक खलाशाला महिन्यातून एकदा तरी त्या कवायतीला उभं राहावंच लागतं.

आता हेच सगळं एखाद्या शिडाच्या नौकेत बसवायचं, असं समजा. लांबी ३६ फूट, फार तर ५६ फूट. माणूस एक. तोच कप्तान, तोच खलाशी, तोच सुतार, तोच डॉक्टर. जवळची जमीन हजारो किलोमीटरांवर. अशा सफरीवर यादीतली प्रत्येक वस्तू नौकेवर असून भागत नाही. अंधारात, ओल्यात, हात-पाय दुखावलेले असतानाही ती त्या एका माणसाच्या हाताला लागली पाहिजे. सुरक्षिततेचं सगळं साहित्य याच एका कसोटीवर तपासावं लागतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

कुलाब्याची सुहेली, दिवाडीची म्हादेई

एकट्यानं, कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पुरी झाली ती २२ एप्रिल १९६९ रोजी, इंग्लंडच्या फालमथ बंदरात. खलाशी होते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ३२ फुटी सागवानी नौका 'सुहेली' बांधली गेली होती मुंबईत, कुलाब्याच्या कार्यशाळेत, इथल्या सुतारांच्या हातांनी. ३१२ दिवसांच्या त्या सफरीत दक्षिण महासागरातल्या एका लाटेनं सुहेलीला आडवं पाडलं. केबिनचा सांगाडा हलला आणि टाक्यांतलं पिण्याचं पाणी खराब झालं. पुढे रेडिओही बंद पडला. उरलेली वाट त्यांनी पावसाचं पाणी धरत, जगाशी बोलणं नसताना कापली. उपग्रहामार्फत मदत मागण्याचं कुठलंच साधन त्या काळी नव्हतं. भरवसा होता तो दुरुस्तीच्या हत्यारांवर आणि ती चालवणाऱ्या हातांवर.

भारतीय माणसानं असं काही करावं, हा ध्यास घेतला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या या मराठी दर्यावर्द्यानं नौदलाच्या गळी ही कल्पना उतरवली. पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस यार्डात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका बांधली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी चार बंदरांत थांबून परत आले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

दोंद्यांची खरी तयारी मात्र त्याआधीची तीन वर्षं चालली होती. नॉक्स-जॉन्स्टन उतारवयात दुसऱ्यांदा एकट्यानं जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले, तेव्हा दोंदे त्यांच्या मदतनीसांत राहून काम शिकले. म्हादेईचा सांगाडा उभा राहत होता तेव्हाही ते यार्डातच होते. कुठली वायर कुठून गेली, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फळीमागे आहे, हे त्यांनी बांधताना पाहिलेलं होतं. मोहिमेआधी मॉरिशसहून गोव्यापर्यंत त्यांनी नौका एकट्यानं आणूनही पाहिली. सुरक्षिततेचं पहिलं साहित्य हेच. ते दुकानात मिळत नाही.

दुकानात मिळतं त्याचा विचार बचावाच्या चार फळ्यांमध्ये करतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली फळी: नौकेवरच राहणं

एकट्या खलाशाला सर्वांत मोठा धोका वादळाचा नसतो, पाण्यात पडण्याचा असतो. हिशेब करून पाहा. नौका सहा नॉट वेगानं, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरनं चालली आहे. माणूस पडल्यावर अर्ध्या मिनिटात ती त्याच्यापासून नव्वद मीटर पुढे गेलेली असते. सुकाणू स्वयंचलित असेल तर ती थांबतही नाही. दोन मीटरच्या लाटांत नव्वद मीटरांवरचं डोकं दिसत नाही. चार-पाच जण असले तरी बाकीच्यांनी शिडं उतरवून, नौका वळवून त्याला शोधणं आणि ओल्या कपड्यांनी जड झालेलं शरीर वर ओढणं म्हणजे मोठं संकट. एकट्यासाठी तर तो शेवटच.

म्हणून दोर. डेकवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी मजबूत पट्टे ताणलेले असतात, त्यांना 'जॅकलाइन' म्हणतात. ते सपाट असावेत, कारण गोल तार पायाखाली फिरते आणि माणूस घसरतो. अंगात हार्नेस आणि हार्नेसपासून जॅकलाइनपर्यंत आकड्यांचा पट्टा, म्हणजे 'टेदर'. चांगल्या टेदरला दोन फाटे असतात, एक लांब आणि एक आखूड. पुढचा आकडा अडकवल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. केबिनमधून डोकं बाहेर काढण्याआधीच पहिला आकडा अडकला पाहिजे, कारण आत-बाहेर करण्याच्या त्या दोन पावलांतही माणूस पडू शकतो. जॅकलाइन कडेला न बांधता जमेल तितकी मधल्या बाजूला बांधतात, म्हणजे पडलेला माणूस टेदरच्या लांबीमुळे डेकवरच अडतो. कडेबाहेर लोंबकळत नौकेबरोबर फरफटत जाणं हाही बुडण्याचाच एक प्रकार आहे.

हार्नेसला जोडूनच फुगणारं लाइफ जॅकेट असतं. त्याच्या पोटात कार्बन डायऑक्साइडचं लहान सिलिंडर आणि पाण्यात विरघळणारी गोळी असते. गोळी विरघळली की स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडर फोडते आणि जॅकेट काही सेकंदांत फुगतं. मुंबईच्या पावसाळी हवेत हीच गोळी कपाटातल्या दमटपणानंही हळूहळू ढिली पडते. सिलिंडर फिरून सैल झालेलं असतं, आणि वापरलेलं सिलिंडर तर बाहेरून नव्यासारखंच दिसतं. तपासायची पद्धत साधी आहे. सिलिंडरवर त्याचं वजन ठोकलेलं असतं. ते काढून डिजिटल काट्यावर ठेवायचं. आकडा कमी आला तर गॅस गेलेला आहे. मग ते हातानं घट्ट बसवायचं, गोळीवरची तारीख पाहायची, जॅकेट तोंडानं फुगवून रात्रभर ठेवायचं. मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधायचा कंटाळा पुष्कळ जण करतात. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो.

हार्बर लाइननं चेंबूरहून निघालं की रे रोडला दारूखान्याचा भाग लागतो. मोडलेल्या जहाजांचा माल तिथे वर्षानुवर्षं विकला जातो. भांडी, कंदील, सुकाणूची चाकं घ्यायला तिथे खुशाल जावं. लाइफ जॅकेट, फ्लेअर आणि राफ्ट मात्र जुन्या बाजारातून कधी घेऊ नये. त्यांची तारीख आणि इतिहास विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

दुसरी फळी: नौका तरंगती ठेवणं

नौकेच्या तळाला आणि बाजूंना भोकं असतात, इंजिनच्या थंड पाण्यासाठी, संडासासाठी, खोली मोजणाऱ्या यंत्रासाठी. पाइप जोडलेल्या प्रत्येक भोकाला झडप असते आणि प्रत्येक झडपेशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवतात. पाइप फुटला तर खुंटी ठोकायची. ती एका पेटीत नीट रचून ठेवली, तर पाणी घोट्यापर्यंत आल्यावर पेटी शोधायची कोणी? म्हणून खुंटी भोकाशेजारीच.

डोलकाठी मोडली तर ती लगेच पाण्यात पडून बुडत नाही. पोलादी तारांनी नौकेला अडकलेली राहते आणि प्रत्येक लाटेसरशी तिचं मोडकं टोक नौकेच्या अंगावर आदळतं. तेव्हा तारा तोडायला मोठा बोल्ट-कटर किंवा हायड्रॉलिक कटर लागतो. उरलेल्या बूमची, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याची, तात्पुरती डोलकाठी करून लहान शीड उभारायला जादा दोर, पुल्या आणि हत्यारं लागतात. उघड्या समुद्रात वादळाशी झुंजायला जाड कापडाची छोटी शिडं आणि मागे ओढायला 'ड्रोग' असतो. ड्रोग पाण्यात ओढला की नौकेचा वेग मंदावतो आणि ती लाटेवरून सुसाट घसरत आडवी पडत नाही.

पाणी उपसायचे पंप दोन: एक विजेवर, एक हातावर. हातपंपाचा दांडा सुकाणूजवळ असावा, म्हणजे एकट्याला दोन्ही कामं करता येतात. केबिनमधली प्रत्येक गोष्ट उलटी झाली तरी जागची हलणार नाही अशी बांधायची. बॅटऱ्या, शेगडी, हत्यारांची पेटी, तळाच्या फळ्याही. एकशेऐंशी अंशांत फिरलेल्या केबिनमध्ये सुटलेली बॅटरी माणूस मारू शकते.

याच फळीत पाणी येतं, पिण्याचं. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या टाक्यांची जी गत झाली, तशीच अडचण ४४ वर्षांनी अभिलाष टॉमी यांच्यापुढे उभी राहिली. २०१२-१३ मध्ये त्यांनी म्हादेईवरून मुंबई ते मुंबई कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात गोड्या पाण्याच्या टाकीत डिझेल उतरलं होतं. म्हणून पाणी एकाच टाकीत कधी साठवत नाहीत. थोडं टाकीत, थोडं वेगवेगळ्या बंद डब्यांत.

तिसरी फळी: आपण कुठे आहोत ते सांगणं

आवाज दूर पोचवणारी साधनं दोन जातींची असतात, जवळच्यांना बोलावणारी आणि लांबच्यांना. जवळच्यांसाठी वायरलेस, म्हणजे व्हीएचएफ. त्याचा चॅनेल १६ जगभर संकटासाठी राखलेला आहे. पण व्हीएचएफच्या लहरी सरळ रेषेत जातात. ॲन्टेना डोलकाठीच्या टोकाला असतो तोवरच त्यांचा पल्ला चांगला. डोलकाठी गेली की ॲन्टेनाही गेला. म्हणून हातात धरायचा जलरोधक सेट आणि डेकवर लावता येईल असा तात्पुरता ॲन्टेना वेगळा ठेवतात. फ्लेअरही जवळच्यांसाठीच: रात्री पॅराशूटला टांगून सुमारे तीनशे मीटर उंच चढणारा लाल फ्लेअर, दिवसा नारंगी धूर. त्यांचं आयुष्य साधारण तीन वर्षं.

लांबच्यांसाठी 'ईपर्ब'. हे फ्लास्कएवढं यंत्र. पाण्यात पडलं किंवा बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक मारत राहतं, दर पन्नासेक सेकंदांनी एकदा, निदान ४८ तास. त्या हाकेत नौकेचा खास क्रमांक असतो आणि जीपीएसची जागाही. कोस्पास-सारसॅट ही अनेक देशांनी मिळून उभी केलेली यंत्रणा ती हाक ऐकते. भारतात हा संदेश बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात उतरतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या समन्वय केंद्राकडे जातो. मुंबईचं केंद्र वरळीला आहे. यंत्र घेऊन त्याची नोंदणी केली नाही, किंवा नौका विकल्यावर नवा मालक नोंदवला नाही, तर हाक ऐकू येते, पण कोणाची ते कळत नाही.

२१ सप्टेंबर २०१८

टॉमी दुसऱ्यांदा निघाले ते गोल्डन ग्लोब शर्यतीत. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या सफरीला ५० वर्षं झाली म्हणून ही शर्यत १९६८ च्या साधनांनीच करायची होती: कागदी नकाशे, सेक्स्टंट, जुन्या घाटाची नौका. टॉमींची 'थुरिया' ही सुहेलीच्या घाटावर गोव्यात बांधलेली होती. सुरक्षेची साधनं मात्र आजची होती.

दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, सत्तर नॉटच्या वाऱ्यात आणि चौदा मीटरच्या लाटांत थुरिया उलटी झाली. डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीचे मणके तुटले. त्यांनी लहान मजकूर पाठवणाऱ्या उपग्रह यंत्रावरून कळवलं की पाठीला जबर दुखापत आहे, उठता येत नाही. पुढच्या संदेशांत आलं ते आणखी बारीक: सॅटेलाइट फोन बंद आहे, पायाची बोटं हलतात, खाता-पिता येत नाही, आणि 'ग्रॅब बॅग'पर्यंत पोचणं अवघड आहे.

ग्रॅब बॅग म्हणजे नौका सोडायची वेळ आली तर उचलून न्यायची पिशवी. वायरलेसचा सेट, जादा बॅटऱ्या, पाणी, औषधं, जादा चष्मा, कागदपत्रं. दीर्घ सफरीच्या यादीत तिचं नाव वर असतं, आणि ती थुरियावर होती. नौका नीट उभी असती तर ती हाताच्या अंतरावर म्हणता आली असती. मणका तुटलेल्या माणसासाठी तेच अंतर ओलांडता येईना. टॉमींच्या मदतीला आला ईपर्ब आणि आडवं पडल्या पडल्या वापरता येईल असं मजकुराचं यंत्र. चार ओळींचा तो मजकूर बचाव पथकांना फार उपयोगी पडला, कारण माणूस जिवंत आहे, आत आहे, चालू शकत नाही आणि स्ट्रेचर लागेल, हे त्यांना आधीच कळलं.

ऑस्ट्रेलियाच्या समन्वय केंद्रानं सूत्रं हाती घेतली. भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडालं आणि त्याला थुरिया सापडली. आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांचीही डोलकाठी त्याच वादळात मोडली होती. तरी तात्पुरतं शीड उभारून ते टॉमींच्या दिशेनं निघाले. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मत्स्यसंरक्षण जहाजाची माणसं लहान बोटीतून स्ट्रेचर घेऊन थुरियावर चढली. टॉमींना ॲमस्टरडॅम बेटावरच्या दवाखान्यात नेलं, तिथून आयएनएस सातपुरानं भारतात आणलं. पाठीत धातूची सळी बसवली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.

शेवटची फळी: नौका सोडणं

लाइफ राफ्ट, म्हणजे दोरी ओढताच फुगणारा छपराचा तराफा. हे साधन शेवटचं, आणि लवकर वापरलं तर घातक. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत इंग्लंड-आयर्लंडच्या दरम्यान वादळानं तीनशेहून अधिक नौकांना गाठलं. पंधरा खलाशी दगावले. चोवीस नौका माणसांनी सोडून दिल्या, बुडाल्या पाच. बाकीच्या पुढे तरंगताना सापडल्या, आणि त्यांतल्या काहींची माणसं राफ्टमध्ये गेल्यावर दगावली होती. तेव्हापासून एक नियम सांगतात: राफ्टमध्ये वर चढून जावं लागेल, तेव्हाच नौका सोडा.

टॉमींच्याच २०२२ च्या शर्यतीत असलेल्या फिनलंडच्या टापियो लेहतिनेन यांना तो नियम आठवायला फार वेळ मिळाला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांची 'आस्टेरिया' दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला काही मिनिटांत बुडाली. झोपेतून उठले तेव्हा केबिनमध्ये पाणी होतं. थंडीपासून वाचवणारा सूट त्यांनी अंगात चढवला आणि ते राफ्टमध्ये गेले. सूट आणि राफ्ट हाताशी होते, म्हणून त्या काही मिनिटांत भागलं. सुमारे चोवीस तासांनी स्पर्धेतल्याच कर्स्टन नॉयशेफर यांनी रात्रभर नौका हाकत त्यांना गाठलं आणि नंतर 'दर्या गायत्री' या मालवाहू जहाजावर चढवलं. पुढे ती शर्यत नॉयशेफर यांनीच जिंकली.

ट्रॉम्बेच्या होड्यांपर्यंत

हे सगळं जगप्रदक्षिणेपुरतं नाही. ट्रॉम्बे आणि माहुलच्या कोळीवाड्यांतल्या होड्या खाडीत फिरतात, पण कोकण किनाऱ्यावरच्या मोठ्या बोटी दिवसेंदिवस दर्यावर असतात आणि मोबाइलच्या टॉवरपासून दूर जातात. त्यांच्यासाठी इस्रोनं ईपर्बच्याच तत्त्वावर संकट-संदेशाचं स्वस्त यंत्र केलं. २०१० पासून ते वापरात आहे. पहिल्या यंत्रात तांडेलानं बटण दाबलं की संदेश जायचा, पण पोचला का ते कळायचं नाही. नव्या पिढीच्या यंत्रात किनाऱ्यावरून पोच परत येते, आणि वादळाचा इशाराही उलट दिशेनं बोटीवर उतरतो. तांडेलाला पोच मिळणं ही लहान बाब नाही. हाक ऐकली गेली हे कळलं की माणूस नौका सोडायची घाई करत नाही.

आणि मांडवा-घारापुरीच्या फेरीतून जाणारे आपण? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचे जीव गेले. बहुतेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बोट उलटताना बाकाखालून जॅकेट ओढून, सुटे पट्टे सोडवून, मुलाला घालणं कोणालाही जमत नाही. म्हणून बोट धक्क्यावरून सुटायच्या आत तीन गोष्टी कराव्यात. जॅकेट अंगात चढवून पट्टे ओढून घ्यावेत, मुलांचे आधी. बाहेर पडायची वाट आणि बसायची जागा यांत किती माणसं आहेत ते पाहावं. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये घालून, तो मोबाइल प्लास्टिकच्या बंद पाकिटात खिशात ठेवावा. बोटीवाला जॅकेट द्यायला कुरकुरला, तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.